बेटावरच्या जगण्यावर कलाकृती: कामाचा क्रम, तयारी आणि हमखास होणाऱ्या चुका

लहान बेटावरच्या जगण्याबद्दल काहीतरी करून दाखवायचं ठरवून निघालेल्या बहुतेकांच्या हातून शेवटी समुद्राची चित्रं होतात. पाठमोरा माणूस, समोर क्षितिज, बाकी सगळा निळा. फोटो असोत, जलरंग असोत की व्हिडिओ, फरक फक्त माध्यमाचा. बेटावर राहणाऱ्या माणसाला ती दाखवली की तो बघतो, छान आहेत म्हणतो आणि टाकीत पाणी किती उरलं ते पाहायला उठतो.

यात हात कच्चा असण्याचा संबंध नसतो. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी माध्यम ठरतं, मग सामान भरलं जातं आणि मग तिथे जाऊन विषयाची शोधाशोध सुरू होते. हातात आठ दिवस असले की चहूकडे जे दिसतं तेच विषय होऊन बसतं. खालचे टप्पे बाहेरून जाणाऱ्यांना धरून लिहिले आहेत. बेटावरच वाढलेल्यांनी दुसरा टप्पा चाळला तरी चालेल, पण पहिला आणि चौथा टाळू नये. रोज समोर असलेलं दिसेनासं होतं, ही अडचण त्यांची जास्त.

## टप्पा १: एक अडचण निवडा

‘बेटावरचं आयुष्य’ हा विषय नाही. एकटेपणा, शांतता, निसर्ग हेही नाहीत. हे शब्द आपण घरून बांधून नेलेले असतात. निवडायची ती अशी एक गोष्ट, जी बेटावर कमी पडते, उशिरा येते किंवा जाता जात नाही: पाणी, बोट, वीज, औषध, कचरा, शिकायला गेलेली आणि न परतलेली मुलं.

निवडल्यावर ती गोष्ट चालते कशी, ते आधी नीट समजून घ्या. पाण्याचं उदाहरण घेऊ. प्रवाळाच्या किंवा वाळूच्या सखल बेटाखाली पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, साधारण भिंगाच्या आकारात. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं चढलेलं असेल, त्याच्या सुमारे ४० पट ते खाली गेलेलं असतं. हिशेब उलटा करून बघा. उपशामुळे वरची पातळी १० सेंटिमीटर कायमची उतरली, तर खालचं खारं पाणी हळूहळू जवळपास ४ मीटर वर सरकतं. विहिरीचं पाणी मचूळ होतं ते असं, वर फारसं काही न दिसता. हे कळलेला माणूस विहिरीचं चित्र काढायला बसला की त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो: कठडा काढायचा की कोणालाच न दिसणारं ते भिंग?

कचऱ्याचंही असंच. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या तेशिमा बेटावर १९९० पर्यंत वर्षानुवर्षं औद्योगिक कचरा बेकायदा टाकला गेला. तो उचलून प्रक्रियेसाठी शेजारच्या नाओशिमा बेटावर नेण्याचं काम २०१७ पर्यंत चाललं. आज ही दोन्ही बेटं कलेसाठी ओळखली जातात. तिथे जाऊन नुसतं संथ पाणी रंगवून येणाऱ्याने अर्धं बेट पाहिलंच नाही.

‘बुडणारं बेट’ या विषयापाशी जास्त सांभाळा. पॅसिफिकमधल्या तुवालू या सखल बेटांच्या देशाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी २०२१ च्या हवामान परिषदेसाठीचं भाषण कोट-टाय घालून, गुडघाभर पाण्यात उभं राहून चित्रित केलं. ती जागा पूर्वी कोरडी होती, म्हणून त्या दृश्याला वजन होतं. कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात खुर्ची मांडून फोटो काढला, तर उरते फक्त ओली खुर्ची.

तपासणी: निवडलेली अडचण एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात ‘समुद्र’ हा शब्द नको. ‘मंगळवारची बोट चुकली की औषध आठ दिवस येत नाही’ हे चालेल. ‘समुद्र माणसाला एकटं पाडतो’ हे खोडा.

## टप्पा २: बोटीचं आणि भरतीचं वेळापत्रक मिळेपर्यंत सामान भरू नका

बेटावर काय करता येईल हे बोट ठरवते. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कुन्या या बेटावर विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने जायला साधारण आठवडा लागतो, आणि जहाजं वर्षातून मोजकीच. तिथे पांढऱ्या रंगाची ट्यूब संपली तर ती काही महिन्यांसाठी संपली. आपण निवडलेलं बेट इतकं दूर नसेल, पण विचारायचे प्रश्न तेच: बोट आठवड्यातून किती वेळा येते? कुठल्या महिन्यांत बंद असते? रद्द झाली तर जास्तीत जास्त किती दिवस येत नाही? धक्का आहे की छोट्या होडीत उतरून जावं लागतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो कोणी विचारत नाही: एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हातात किती मोठा नग नेता येतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच तुमच्या कलाकृतीचं माप. मी एकदा १२० सेंटिमीटरचा ताणलेला कॅनव्हास घेऊन निघालो होतो. बोट मोकळ्या पाण्यात आली आणि त्याचं शीड झालं. बोटवाल्याने शांतपणे विचारलं, “हे चालवणार कोण, तुम्ही की मी?” मग तो टपावर दोरीने आवळला आणि उतरेपर्यंत त्यावर खाऱ्या तुषारांचे ठिपके वाळून बसले होते. तेव्हापासून माझा नियम असा: लांब बाजू एक मीटरच्या आत, वजन एका हाताला झेपेल इतकं. मोठं काम करायचं असेल तर ते सुटं होणारं किंवा गुंडाळता येणारं.

आता भरती. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ‘रोज सकाळी सातला त्याच खडकावर बसून’ हा बेत आठवडाभरात पाण्याखाली जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. पाणी परसात शिरतं ही तुमची अडचण असेल तर ती उधाणालाच दिसणार. म्हणून मुक्काम किमान एका पूर्ण चक्राचा, पंधरा दिवसांचा हवा. बोट रद्द होण्याचे दिवस त्यावर वेगळे.

इशारा: प्रदर्शनाची तारीख आणि परतीची बोट यांच्यात मोकळे दिवस ठेवा. हवामान बिघडलेलं असताना ‘मला पोहोचायलाच हवं’ म्हणून बोटवाल्याच्या मागे लागू नका. त्याला नाही म्हणणं जड जातं आणि धोका दोघांना असतो.

## टप्पा ३: सामान: मीठ, ओल, वारा आणि आग

कागदापासून सुरुवात करू, कारण पहिला तोच दगा देतो. बेटावरच्या हवेत कागद सादळतो, रंग वाळत नाही आणि दुपारी वारा सुटला की ब्रश टेकवायच्या आत वाळतो. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदाचा, चारही कडा चिकटवलेला गठ्ठा (ब्लॉक) न्या. सुटे कागद न्यायचेच तर हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसकट. सादळलेल्या कागदावरही शिसपेन्सिल आणि मेणाचे खडू चालतात. ते बरोबर असले की एकही दिवस फुकट जात नाही.

लोखंडी क्लिपा, टाचण्या, स्टेपल यांपैकी काहीही नेऊ नका. दोन-तीन दिवसांत गंज धरतात आणि कागदावर तांबूस डाग ठेवून जातात. लाकडी चिमटे आणि सुती फीत पुरते. बाहेर कायम राहणारं काही उभारणार असाल तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. साधं स्टेनलेस खाऱ्या वाऱ्यात डागाळतं.

‘समुद्राच्याच पाण्याने रंगवलं’ ही कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. मलाही सुचली होती. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते कागदावरच राहतात. निव्वळ मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता झाली की पाझरू लागतं. समुद्री क्षारांमधलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाच पाणी ओढतं. असं चित्र पावसाळी दिवशी पुन्हा ओलं होतं आणि चौकटीच्या आत बुरशी धरतं. चित्राने ओलं-कोरडं होत राहावं हाच हेतू असेल तर जरूर करा, पण घेणाऱ्याला तसं आधी सांगा.

गोड्या पाण्याचा हिशेब आधी मांडा. सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळी प्रतिमा उमटवणं, बेटासाठी सोयीचं वाटतं, कारण ऊन फुकट. पण प्रत्येक प्रिंट वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात धुवावी लागते. पाणी हंड्याने मोजणाऱ्या घरात बादल्या ओतत उभं राहणं बरं दिसत नाही. समुद्राच्या पाण्यात धुऊन भागत नाही. ते किंचित अल्कधर्मी असतं आणि हा निळा रंग अल्कलीपुढे फिका पडतो. शिवाय क्षार कागदात राहतात ते वेगळंच. पावसाच्या दिवसांसाठी प्रिंट राखून ठेवा किंवा धुण्याचं काम परतल्यावर करा.

आणि आग. टर्पेंटाइन, स्प्रेचे डबे ही ज्वलनशील वस्तू आहे. बोटीवर किंवा विमानात ती चालते का हे आधी विचारा, बहुतेक वेळा चालत नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एरवी निष्काळजीपणा म्हणून सुटून जातो, पण अग्निशमन दल समुद्रापलीकडे असेल तर तसं होत नाही. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

सामानाची यादी लांबत चालली की मला आयर्लंडजवळच्या टोरी बेटावरचे जेम्स डिक्सन आठवतात. डेरेक हिल हे चित्रकार तिथे चित्र काढत असताना ‘याहून बरं मी काढेन’ म्हणून ते पुढे सरसावले. हिल यांनी रंग दिले, ब्रशही देऊ केले. ब्रश त्यांनी नाकारले आणि गाढवाच्या शेपटीचे केस बांधून स्वतःचे केले.

## टप्पा ४: पहिला आठवडा फक्त नोंदी

हा टप्पा सगळे गाळतात. गाळला की टप्पा १ मध्ये लिहिलेलं वाक्य तसंच राहतं, म्हणजे घरी बसून केलेला अंदाज तसाच राहतो.

एका वहीत पाच रकाने पाडा: बोट, पाणी, वीज, आवाज, काय संपलं. रोज त्याच वेळी भरा. कॅमेरा पिशवीतच. वाटल्यास साधी रेखाटनं करा, पण दाखवण्यासाठी म्हणून काही नको.

या वहीत काय येतं याचा नमुना देतो. मी उतरलो होतो त्या घरात एक बाई रोज पहाटे प्लास्टिकच्या टाकीवर बोटाच्या पेराने ठोकत वरून खाली यायच्या. वर पोकळ आवाज, मग एका जागी तो बद्द होतो. तिथे त्या कोळशाने रेघ मारायच्या. काल मारलेल्या आणि आजच्या रेघेत तीन बोटांचं अंतर असेल तर त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. टाकीच्या बाजूवर महिनाभराच्या रेघा होत्या, पुसट होत गेलेल्या. मी पंधरा दिवस जे चित्र काढायला धडपडत होतो ते तिथे काढलेलं होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे धक्क्यावरची सामानाची वही. काय उतरलं: गॅस सिलेंडर, गुंडाळलेली गादी, सायकलचा एक टायर, नाव घातलेला औषधांचा खोका. काय चढलं: रिकामे सिलेंडर, नादुरुस्त पंप, एक आजारी माणूस आणि सोबतीला दोघं. परवानगी घेऊन महिन्याभराची पानं उतरवून घ्या. बेटाबद्दलच्या दहा मुलाखतींतून मिळणार नाही ते त्यात मिळतं.

आवाजावर काम करणार असाल तर माइकला वाऱ्याचं केसाळ कव्हर हवंच. फोमच्या टोपीने भागत नाही. जिथे वीज ठराविक तासच असते तिथे जनरेटर बंद होतो त्या मिनिटाच्या आधी पाच मिनिटं रेकॉर्डिंग सुरू करा. आवाज थांबल्यावर जे ऐकू येऊ लागतं, त्यासाठी हा खटाटोप.

चूक: पहिल्याच दिवशी ड्रोन उडवणं. लहान बेटावर ड्रोन वर गेला की प्रत्येकाचं परसदार, वाळत घातलेले कपडे, न्हाणीघराचं उघडं छप्पर त्यात येतं. घरटी करणारे समुद्रपक्षी उठतात. आणि आवाज सगळ्या बेटाला ऐकू गेल्यामुळे तुमच्याबद्दलचं मत संध्याकाळपर्यंत ठरून जातं.

तपासणी: सात दिवसांनी टप्पा १ चं वाक्य पुन्हा वाचा. त्यात एकही शब्द बदलावासा वाटला नाही, तर आणखी चार दिवस नोंदी करा.

## टप्पा ५: माणसं आणि परवानगी

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, आणि बिघडली की दुरुस्त होत नाहीत.

दोनशे वस्तीच्या बेटावर नाव बदलून काही लपत नाही. ‘शाळेतली शिक्षिका’ म्हटलं की ती एकच असते. चेहरा न दाखवता हात दाखवले तरी अंगठी ओळखतात. होडीचा रंग, छपराला मारलेलं ठिगळ, दारातलं कुत्रं, खोकण्याची ढब, सगळ्यांवर मालकाचं नाव असतं. बाहेरच्या प्रेक्षकाला काही कळत नाही म्हणून कलाकार निर्धास्त असतो, पण ज्याला त्यानंतर तिथेच राहायचं आहे त्याचा प्रेक्षक शेजारीच आहे.

म्हणून परवानगी चार तुकड्यांत घ्या. टिपायची वेगळी, जवळ ठेवायची वेगळी, बेटावर दाखवायची वेगळी, बेटाबाहेर दाखवायची वेगळी. गंमत म्हणजे अनेकांना परदेशातल्या दालनाची हरकत नसते, पण धक्क्यावर लावायची असते. कलाकृती पूर्ण झाल्यावर पुन्हा विचारा. सुरुवातीला होकार दिला तेव्हा ती नेमकी काय होणार हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

नकाराची वाट मोकळी ठेवणं हे त्याहून अवघड. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं कठीण, त्यातून तो त्याच घरात उतरलेला असेल तर आणखीच कठीण. मी असं सांगतो: “हा विषय मी पुन्हा काढणार नाही. तुम्ही स्वतःहून काढलात तरच हो समजेन.” निम्मी माणसं काढत नाहीत. तो नकार असतो, आणि तो असा मिळाला हे बरंच.

तुम्ही कोणाच्या घरी उतरता यावरून तुमची बाजू ठरते, तुम्हाला माहीत असो वा नसो. जुनी भांडणं विहिरीवरून, बांधावरून, बोटीच्या पाळीवरून असतात. पहिल्या आठवड्यात बेटाच्या दुसऱ्या टोकाला रोज एक चक्कर मारा, तिथेही बसा. कानावर पडलेली उधारी, आजारपणं, कोणी कोणाच्या टाकीतून पाणी घेतलं हे कितीही ‘वास्तव’ असलं तरी कलाकृतीत येणार नाही, हे मनाशी आधीच ठरवा. वेळेचे पैसे द्या आणि सगळ्यांना एकच दर द्या. तो दर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतोच.

बेट सोडून जाण्याबद्दल काम करत असाल तर सूर आधी ठरवून जाऊ नका. स्कॉटलंडच्या सेंट किल्डावरची शेवटची ३६ माणसं २९ ऑगस्ट १९३० रोजी निघाली ती स्वतः अर्ज करून. उलट १९६१ मध्ये ज्वालामुखीमुळे त्रिस्तान दा कुन्यावरच्या सगळ्यांना ब्रिटनमध्ये हलवलं, तर त्यांतले बहुतेक १९६३ मध्ये परत गेले. जून २०२४ मध्ये पनामातल्या गार्दी सुग्दुब या बेटावरच्या गुना या आदिवासी समाजाच्या सुमारे ३०० कुटुंबांना मुख्य भूमीवर नवी घरं मिळाली. तरी काही जण बेटावरच थांबले. एकाच बेटावर सुटल्याचा आनंद आणि तुटल्याचं दुःख शेजारच्या घरांत असतात, कधी एकाच घरात.

## टप्पा ६: बेटावरून साहित्य उचलताना

वाहून आलेली जाळी, दोर, प्लास्टिक हे साहित्य म्हणून उत्तम, आणि ते उचलल्याने बेटाचं नुकसान नाही. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलाकार समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांपासून कासवं, मासे विणतात. पण जाळं ओढायच्या आधी ते उलटून बघा. त्यात जिवंत काही अडकलेलं असू शकतं. आत कालवं आणि शेवाळ असेल तर आठ-दहा दिवस उन्हापावसात टांगा, नाहीतर बंद खोलीत असा वास सुटेल की प्रदर्शन बंद करावं लागेल. बंद पिंपं, सुया, जहाजांवरची संकटात उडवायची दारूची नळकांडी यांना हात लावू नका.

शंख, प्रवाळ, वाळू, दगड यांचं वेगळं. अनेक बेटांवर ते नेण्यास बंदी असते. कठीण प्रवाळ आणि जायंट क्लॅम, म्हणजे महाकाय शिंपले, हे साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावर मेलेला सापडलेला तुकडा सीमेपार न्यायलाही परवाना लागू शकतो. फोटो काढा, ठसा घ्या, ठेवून या.

इशारा: उलट दिशाही पाहा. तुमच्या खोक्यातून, पेंढ्यातून बेटावर काय जातंय? जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असलेल्या बेटावर उतरलेली उंदरांची एक जोडी पुरते. खोका घट्ट बंद करा, पेंढा वापरू नका, चपलांचे तळवे घासून चढा.

## टप्पा ७: अडचण आकारात उतरवा

आता कुठे माध्यम. प्रश्न एकच विचारायचा: ही अडचण कलाकृतीच्या बांधणीतच आणता येईल का, म्हणजे भिंतीवरच्या मजकुरात सांगावी लागणार नाही?

पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरच्या काड्यांच्या जुन्या नकाशांत हे दिसतं. काड्या बांधून लाटांच्या दिशा आणि बेटापाशी त्यांचं वळणं दाखवत, शिंपले म्हणजे बेटं. हा नकाशा किनाऱ्यावर बसून पाठ करत, बरोबर नेत नसत. त्यात पाण्याचा रंग कुठेच नाही, तरी आख्खा समुद्र आहे. गुना बायका मोला, म्हणजे पोलक्यावर लावायचे नक्षीचे कापडी तुकडे, करतात तेव्हा कापडाचे थर एकावर एक ठेवून वरचे कापत जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. त्यात पक्षी-मासे असतात तसे बाजारातल्या डब्यांवरची चित्रंही असतात. बाहेरून आलेली वस्तू बेटाची नाही असं तिथे कोणी मानत नाही. आपण मात्र फ्रेममधून पाण्याची निळी टाकी काढून टाकतो, कारण ती ‘चांगली दिसत नाही’.

माझं एक काम उलगडून सांगतो. अडचण होती बोट रद्द होण्याची. तीस दिवस, प्रत्येक दिवसाला दहा सेंटिमीटर रुंद सुती पट्टी. बोट यायची होती आणि आली, त्या दिवशीच्या पट्टीवर उतरलेल्या सामानाचे छोटे ठसे. बोट नव्हतीच, तो दिवस कोरा. बोट रद्द झाली, तो दिवस चुणी घालून दुमडून शिवून टाकायचा. पूर्ण कापड तीन मीटरचं व्हायला हवं होतं. सात दिवस दुमडले गेले आणि ते दोन मीटर तीसवर थांबलं. शेजारी तीन मीटरची रिकामी काठी लावली. जे आलं नाही ते जाडी होऊन चुण्यांत बसलं होतं.

तपासणी: कलाकृती कोणाला तरी काही न सांगता दाखवा. ‘इथे काहीतरी कमी आहे’, ‘इथे थांबलंय’ असं काही तो बोलला तर बांधणी जमली. ‘कसं केलंत?’ एवढंच विचारलं तर नुसती करामत झाली. पुन्हा वहीकडे जा.

## टप्पा ८: आधी बेटावर दाखवा

परत येऊन मोठ्या दालनात उद्घाटन आणि मग बेटावर छापील पत्रक पाठवणं, हा क्रम चूक. काम पक्कं व्हायच्या आत तिथेच लावा. दिवा, फीत, भाषण काही नको. बोटीची वाट पाहत लोक जिथे बसतात तिथे, बोटीच्या तासभर आधी. सगळे तिथे असतातच आणि कोणाला मुद्दाम यावं लागत नाही.

‘आवडलं का?’ विचारू नका. उत्तर ‘हो’ येतं. ‘यात चुकलंय काय?’ विचारा. त्या कापडापाशी एक म्हातारे गृहस्थ आले, एका चुणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही दोन दिवसांची पाहिजे. दुसऱ्या दिवशी बोट आली होती, पण लागली नाही. तोंडासमोरून परत गेली.” माझ्या वहीत तो दिवस ‘आली’ असा होता. मी धक्क्यावर नव्हतो, शिटी ऐकून लिहिलं होतं. बसून टाके उसवले, चुणी वाढवली. कापड आणखी दहा सेंटिमीटरने तोकडं झालं.

दुरुस्त्या कलाकृतीच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. ज्यांनी नकार दिला त्यांचा काही अंश चुकून राहिला आहे का, हेही याच तासाभरात कळतं.

## टप्पा ९: बाहेर नेताना

नेलेलं खोकं बाहेरून ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. मीठ राहू देऊ नका. वातानुकूलित दालनात पोहोचल्यावर ते लगेच उघडू नका. खोक्यातली दमट हवा थंडाव्यात दव धरते, आणि थंड खोकं दमट हवेत उघडलं तरी तेच होतं. एक दिवस बंदच ठेवा.

नावात ‘हरवलेलं’, ‘विसरलेलं’, ‘जगाच्या टोकाचं’ यांपैकी काही नको. तिथल्यांसाठी टोक दुसरीकडे आहे. खालच्या ओळीत बेटाचं नाव तिथले लोक म्हणतात तसं, नोंदींचा काळ आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांचे शब्द असतील तर त्यांची नावं त्यांना हवी तशी. छापील प्रत किंवा चांगलं छायाचित्र बेटावर पोहोचवा. लिंक पाठवून भागवू नका, तिथलं नेटवर्क कसं असतं हे तुम्ही वहीत लिहिलेलं आहे.

रिकाम्या ट्यूबा, फाटलेल्या पिशव्या, वाळलेल्या चिंध्या, संपलेल्या बॅटऱ्या हे सगळं तुमच्याबरोबर परत. बोटीत चढवताना धक्क्यावरच्या सामानाच्या वहीत त्यांचीही ओळ लिहायला सांगा: ‘एक पोतं, कचरा, चित्रवाल्याचा.’